मागून घेतलेला बुधवार

फोन वाजला तेव्हा अंबरीशचे दोन्ही हात कणकेत होते. स्क्रीनवर नंबर नव्हता, आणि फोन न उचलायला कणकेच्या हातांहून चांगलं कारण माणसाला सहसा मिळत नाही, म्हणून त्याने तो वाजू दिला. वाजून वाजून फोन थांबला. मग निरोप ठेवल्याची बारकी खूण. सर्दीने नाक लाल झालेली नीरजा सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती. एरवी बुधवारी ती या वेळी कोर्सच्या वर्गात असायची, आणि बाकीचे दिवस फोरबर्गच्या आपोतेकमध्ये, औषधांच्या दुकानात, काउंटरमागे उभी. तिने हात लांब करून त्याचा फोन उचलला, सवयीने कानाला लावला, आणि ऐकता ऐकता मान किंचित कलती केली. डच ऐकताना ती अशीच मान कलती करते. नऊ वर्षांत त्याला डच आलं नव्हतं, पण ही मान वाचता यायला लागली होती. "यूडब्ल्यूव्हीमधून एका बाईंचा होता," ती म्हणाली. "तुझ्या अर्जाबद्दल बोलायचंय म्हणतायत. बाराच्या आत परत करतील. कसला अर्ज रे?"

यूडब्ल्यूव्ही म्हणजे इथलं, नेदरलँड्समधलं, बेकारभत्ता देणारं सरकारी ऑफिस. लायडस्खेनडाममधल्या त्यांच्या नीटनेटक्या स्वयंपाकघरात, जिथे खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती आणि फ्रिजवर लेकीच्या, मृण्मयीच्या, पोहण्याच्या सर्टिफिकेटचा फोटो, तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला जात होता. अंबरीशने कणकेत उगाच थोडं पाणी घातलं. "तास कमी झाले की थोडा भत्ता मिळतो म्हणे. सतीश म्हणाला. म्हटलं, अप्लाय करून बघू."

"पण सतीशचे अवर्स त्यांनी कमी केले. तुझे कुठे कमी केले? तू घेतलास बुधवार."

"हां. ते विचारतीलच."

"मग तू काय सांगणार?"

"बघू."

तिला शिंक आली, त्यामुळे पुढचा प्रश्न राहिला. नाक पुसून ती म्हणाली, "डचमध्येच बोलतील ते. मी आहे बाजूला, काळजी नको करू." आणि डोळे मिटून पडून राहिली. काळजी नको करू असं तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज गेल्या पाच महिन्यांतला होता. त्याआधीची काही वर्षं या घरात त्या आवाजात कुणी बोलत नव्हतं. पाणी जास्त झालं होतं आणि कणीक आता बोटांना धरून बसली होती. त्याने कोरडं पीठ घेतलं आणि मळत राहिला. बारा वाजायला तासभर अवकाश होता.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. बारा वाजायच्या आत एक बाई फोन करणार, एक प्रश्न विचारणार, आणि त्याचं उत्तर खरं दिलं की काम फत्ते. खरं उत्तरच फायद्याचं असण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात किती येतात? अंबरीशच्या वाट्याला तो आला होता आणि तरी तो फोन येऊच नये असं त्याला वाटत होतं. कारण ते खरं त्याला डचमध्ये सांगता येत नव्हतं. ते आधी मराठीत, नीरजाला सांगावं लागणार होतं, आणि मग तिने ते पलीकडे पोचवायचं होतं.

ऑक्टोबरमध्ये यरूनने त्याला झूटरमेरच्या ऑफिसातल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं होतं. यरून त्याचा मॅनेजर, वयाने धाकटा, सरळ माणूस. आडवळणाने बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. कॉफीचा कप पुढे सरकवून त्याने लगेच सांगितलं, की काम कमी झालंय, आणि प्रोजेक्टवरच्या पाच जणांना चार दिवसांवर आणायचं ठरलंय. तुझ्या संमतीशिवाय करता येणार नाही, विचार कर, हवं तर वकिलाला विचार. इतकं बोलून तो थांबला आणि अंबरीशला त्याचे कान दिसले. लालबुंद झाले होते. समोरच्या माणसाला आपल्यामुळे अवघडल्यासारखं झालंय, हे अंबरीशला सोसत नाही. आपली खुर्ची काढून घेतली जात असली तरी ती उचलायला हात लावणाऱ्यांतला तो. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "अॅक्च्युअली, आय वॉज गोइंग टू आस्क यू मायसेल्फ." मुलगी आठ वर्षांची आहे. बुधवारी तिची शाळा अर्धाच दिवस असते. मला तो दिवस तिच्यासाठी हवाच होता. यरूनचा चेहरा असा उजळला की त्याला बघून अंबरीशलाही बरं वाटलं. "पापादाख!" तो म्हणाला, म्हणजे बापाचा दिवस, आणि उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. इथे बरेच बाप आठवड्यातला एक दिवस असा मुलांसाठी मागून घेतात. दुसऱ्या दिवशी यरूनचा मेल आला, की तुझ्या इच्छेप्रमाणे बुधवार मोकळा करतोय. अंबरीशने उत्तरात आभारही मानले.

हे त्याला कुणी शिकवलं होतं असं नाही, पण शिकल्याशिवाय येतही नाही. तो लहान असताना उन्हाळ्यात ती दोघं, तो आणि आई, मिरजेला मामाकडे जाऊन राहत. मामी वाईट नव्हती, मामा तर फारच चांगला, पण मुलं सहा आणि आंब्यांची पेटी एक. आमरसाचं पातेलं पंगतीत फिरायला लागलं की आई स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे बघायची. नुसतं बघायची. पातेलं त्याच्यापाशी येईपर्यंत तळाशी लागलेलं असे आणि वाढणाऱ्या मामीचा हात जड होई, तिचा चेहरा ओशाळा होई. एकदा तो म्हणाला, मला नाही आवडत. मामी म्हणाली, अरे, आमरस न आवडणारा मुलगा पहिल्यांदा बघते. सगळे हसले, मामीचा चेहरा मोकळा झाला, आणि दारातल्या आईनेही सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून तो आमरस न आवडणारा मुलगा झाला. लग्नाला बारा वर्षं झाली तरी नीरजा आमरस करते तेव्हा त्याच्या ताटात वाटी मांडत नाही. त्याच्यासाठी वेगळं शिकरण करते, आवर्जून. कुणी आपल्याला नाही म्हणायच्या आत आपणच नको म्हणायचं, याची एकदा सवय लागली की नंतर आपल्याला खरंच काय आवडतं ते आठवेनासं होतं. त्याला आता आमरसाची चवही नीट आठवत नव्हती, फक्त पातेल्याचा तळ आठवत होता.

यरूनला सांगितलेलं खोटं झूटरमेरलाच राहिलं असतं तर बिघडलं नसतं. त्या संध्याकाळी तो नीरजाला सगळं नीट सांगणार होता. ट्रॅममध्ये त्याने वाक्य तयार केलं होतं, साधं: माझा एक दिवस काढला. स्टेशनवरून सायकलने घरी येताना फ्लीट कालव्यावरचा पूल उचललेला होता, खालून एक नाव निवांत चालली होती, आणि फाटकाशी सायकल धरून उभं राहिल्या राहिल्या त्याने ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. नोकरी गेली नव्हती. कायमचा परवाना होता, देशातून कुणी काढणार नव्हतं. घराचा हप्ता ओढाताणीने का होईना निघाला असता. मग छातीत ही कळ कसली, ते त्याला कळेना. चाळिशीच्या अलीकडेपलीकडे माणसाला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की तुझ्याशिवाय आठवड्यातला एक दिवस आमचं चालेल, एवढंच. ते एवढंच नव्हतं. पूल खाली आला आणि तो घरी पोचला.

घरात नीरजा फोनवर डचमध्ये कुणाला तरी नाही म्हणत होती. तिच्या दुकानातून फोन होता. वरच्या दर्जाच्या कामासाठी एक कोर्स होता, वर्षभराचा, दर बुधवारी. तिला तिसऱ्यांदा विचारत होते आणि ती तिसऱ्यांदा नाही म्हणत होती, कारण बुधवारी मृण्मयी साडेबाराला घरी येते. ती सांगलीची बी. फार्म. इथे त्याच्या मागून आली, दोन वर्षं घरात बसली, मग ओल्या हवेत सायकल मारत भाषेच्या वर्गाला जायला लागली, आणि काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं भरण्यापासून सुरुवात केली. एक बुधवार तरी माग रे, असं ती आधी लाडाने म्हणायची, मग भांडून म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. तिने म्हणणं सोडलं तेव्हा आपण सुटलो असं त्याला वाटलं होतं. पण मग घरात सगळंच बोलणं किराणा आणि शाळा एवढ्यावर आलं. त्या संध्याकाळी फोन ठेवून ती वळली, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. आणि अंबरीश तयार केलेलं वाक्य सोडून म्हणाला, "मी बुधवार मागून घेतला."

ती एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "माझ्यासाठी?"

तो म्हणाला, "हो."

त्या एका शब्दाबद्दल त्याने नंतर पुष्कळ विचार केला. मुलीसाठी म्हटलं असतं तर ते यरूनला सांगितलेलंच पुन्हा झालं असतं, शिळं. पण तिने 'माझ्यासाठी' म्हटलं, आणि तिचा आवाज असा बारीक झाला होता की नाही म्हणणं कसायालाही जमलं नसतं. तिने तिथल्या तिथे परत फोन लावून कोर्सला हो म्हटलं. फोन ठेवून आली आणि त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. "अंबर," ती म्हणाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याला अंबर म्हणायची. मध्ये कधीतरी तो पूर्ण अंबरीश झाला होता, आणि त्या संध्याकाळी परत अंबर झाला, तो आजपर्यंत.

तर अशी ती सगळी गोष्ट. कणीक मळून झाली. त्याने तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि हात धुतले. नखांत पीठ राहिलं. बाहेर मार्चमधलं फिकट ऊन येत-जात होतं. समोरच्या घरातला म्हातारा रोजच्यासारखा खिडकीशी बसून रस्ता बघत होता. अंबरीशने त्याला हात केला, त्यानेही केला. या गल्लीत अंबरीशला आता मान होता. शाळेच्या दारात बुधवारी उभे राहणारे उंच उंच बाप त्याला मान डोलावून जागा करून देत. त्यांच्या दृष्टीने तो निवड केलेला माणूस होता. मृण्मयी वर्गात सांगून आली होती. त्याला तिने इंग्लिशमध्ये सांगितलं, "आय टोल्ड एव्हरीवन यू आस्क्ड फॉर मी." मग ती दोघं सायकलींवरून बाजारात जात, एखादा चीज विकणारा तिला तुकडा चाखायला देई, मग घरी येऊन तो तिला थालीपीठ लावून देई, आणि ती खाता खाता शाळेतलं काहीबाही डच आणि इंग्लिशमध्ये सांगत राही आणि तो मराठीत हुंकार देत राही. हे सगळं त्याला आवडायला लागलं होतं. इतकं, की काही बुधवारी तो मधला भाग विसरून जाई आणि आपण हा खरंच मागून घेतला होता असं त्याला वाटे. मग गुरुवार यायचा. गुरुवारी ऑफिसात बुधवारच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते वाचायचं, आणि ते सगळं त्याच्यावाचून सुरळीत ठरलेलं असायचं. कुणाचंही काही अडलेलं नसायचं. तो ते वाचताना त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. कुठे दुखतंय असं नव्हतं, पण दिवसभर तो हात चोळत राहायचा.

आणि सतीश. सतीश त्याच प्रोजेक्टवर, त्याच पाच जणांतला. त्याने पहिल्याच दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं, काढला एक दिवस, आणि आठवड्याच्या आत अर्जही केला. सतीशला लाज कशाचीच वाटत नाही, निदान दिसत तरी नाही. संक्रांतीला झूटरमेरला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं, पुरुष आतल्या खोलीत गाजराचा हलवा खात बसले होते, दार उघडं होतं. बाहेर उल्का, म्हणजे सतीशची बायको, तासांबद्दल, भत्त्याबद्दल मोकळेपणाने सांगत होती. आणि नीरजाचा आवाज आला, अभिमान लपवायचा प्रयत्न करणारा आणि लपवता न येणारा: "आमच्या अंबरने तर स्वतःहून घेतला गं. माझ्या कोर्ससाठी." उल्का काही बोलली नाही. उल्का बडबडी बाई. ती गप्प बसली म्हणजे तिला माहीत होतं. अंबरीशने सतीशकडे बघितलं आणि सतीश चमच्याने वाटीचा तळ खरवडत राहिला, हलवा संपला होता तरी. निघताना जिन्यापाशी, कोट घालायच्या गर्दीत, तो अंबरीशच्या कानाशी आला. "मी काही बोललो नाही. उल्कालाही सांगितलंय, विषय काढू नको. पण अर्ज कर यार. सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. इतकी वर्षं प्रीमियम जातोय आपला, भीक नाही ती. फक्त ते विचारतील, तू स्वतः मागितलास का. तिथे हो म्हणू नकोस. हो म्हटलंस की खेळ खलास." त्याचा स्वर दयाळू होता. सतीशची दया आपल्याला घ्यावी लागेल असं अंबरीशला कधी वाटलं नव्हतं.

तरी त्याने अर्ज फेब्रुवारीच्या शेवटीच केला. उन्हाळ्याची पुण्याची तिकिटं यंदा नको, असं नीरजाच आपणहून म्हणाली, अगदी सहज, आणि मग कपड्यांच्या घड्या घालत बसली. तिच्या आईला बघून दोन वर्षं झाली होती. त्या दुपारी त्याने एकट्याने, भाषांतराच्या अॅपमधून एकेक ओळ काढत, अर्ज भरला. कारण विचारलं होतं तिथे कामाची कमतरता यावर टिचकी मारली. बोटाने खरं बोलणं किती सोपं होतं. पण कंपनीने पाठवलेल्या कागदांत यरूनचा तो मेल असणार, तुझ्या इच्छेप्रमाणे, आणि त्याखाली त्याचे स्वतःचे मनःपूर्वक आभार. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून बाई फोन करणार होती. भत्ता मिळाला तर तिकिटं निघतील. नाही मिळाला तर नीरजा अंबर म्हणत राहील. दोन्ही एकदम मिळण्याची काही सोय त्याला दिसत नव्हती. एकदा त्याला वाटलं, ती आत जाऊन झोपली तर बरं. मग आपल्याला डच येत नाही हे आठवलं.

फोन वाजला. नीरजा पांघरूण बाजूला करून ताठ बसली, केस मागे घेतले, जणू पलीकडच्या बाईला ती दिसणार होती. त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. बाईचा आवाज तरुण आणि मऊ होता. आधी त्याची जन्मतारीख, पत्ता. मग बायकोने त्याच्या वतीने बोललेलं चालेल का, असं विचारलं असावं, कारण नीरजाने त्याला डोळ्याने खुणावलं आणि तो म्हणाला, "या." या म्हणजे हो, एवढं त्याला येत होतं. मग बाई बराच वेळ बोलली. नीरजाची मान कलली. ती "या, या" करत ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता तिचा "या" हळू होत गेला.

तिने फोनवर हात ठेवला नाही, ती तशीच त्याच्याकडे वळली. "त्या म्हणतायत, कंपनीच्या पेपर्समध्ये लिहिलंय की दिवस कमी करायची इच्छा तुझी होती. अर्जात तू वेगळं टाकलंयस. कामगाराने स्वतः मागितलं असेल तर भत्ता मिळत नाही." इतकं नेमकं मराठी ती एरवी बोलत नाही. दुकानात म्हाताऱ्यांना डोस समजावताना बोलत असेल तशी ती बोलत होती. "त्या विचारतायत, बुधवार तू मागितलास, की त्यांनी काढला?"

तिच्या नाकाचं टोक लाल होतं. अंगात त्याचाच जुना स्वेटर होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि त्या बघण्यात संशयाचा लवलेश नव्हता. असती थोडीशी शंका, तर बरं झालं असतं, शंकेला धरून बाहेर येता आलं असतं. त्याने तोंड उघडलं. काढला, तीन अक्षरी शब्द. मामीचा चेहरा, यरूनचे कान, सगळे त्या तीन अक्षरांच्या अलीकडे रांगेने उभे होते, आणि सगळ्यांत पुढे ती ऑक्टोबरमधली नीरजा, बारीक आवाजात माझ्यासाठी म्हणणारी. फोनमधून कीबोर्डचा खुटखुट आवाज आला आणि थांबला. बाई वाट बघत होती.

"मी मागितला," तो म्हणाला.

नीरजाने मान हलवली. तिला तेच अपेक्षित होतं. गेली तिकिटं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला हलकंही वाटलं, फार हलकं, वाटायला नको होतं इतकं. मग ती फोनकडे वाकली. त्याने पाहिलं, तिने स्वेटरची बाही मुठीत घट्ट धरली होती.

"नेय, मेफ्राउ," ती म्हणाली.

मेफ्राउ म्हणजे बाई, नेय म्हणजे नाही. हे डच त्याला येत होतं. पुढचं ती भराभर बोलत गेली, न अडखळता, एका दमात, आणि त्यातलं त्याला सगळं कळलं नाही, पण प्रोजेक्ट कळलं, कमी काम हे शब्द ऑफिसात रोज ऐकलेले होते ते कळले, पाच माणसं कळलं. बाईने काहीतरी विचारलं. नीरजाने उत्तर दिलं, त्यात यरूनच्या मेलचं काहीतरी होतं, आणि ती मध्येच थोडी हसलीसुद्धा, त्या बाईला बरं वाटावं म्हणून हसतात तसं. बाईही हसली. कीबोर्ड पुन्हा वाजायला लागला. मग आभार, मग बराच वेळ निरोप, आणि फोन बंद झाला.

"ठीक आहे म्हणाल्या," नीरजा म्हणाली. "कंपनीला एकदा विचारतील, आणि त्यांनी तेच सांगितलं तर मिळेल." ती उठून सिंकपाशी गेली आणि काहीही लागलेलं नसताना हात धुवायला लागली. तिची पाठ त्याच्याकडे होती. "सतीशचं झालं तेच तुझं सांगितलं मी. उल्काने सांगितलं होतं ना सगळं, पाच जणांना बोलावलं, काम नाही म्हणाले. तेच सांगितलं. आणि मेलचं विचारलं तेव्हा म्हटलं, आमच्यात माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. साहेबाला ऑकवर्ड वाटू नये म्हणून मलाच हवं होतं म्हणाला असेल." पाणी वाहत होतं. "यरून फिरला नाही म्हणजे मिळवली. त्याच्याशी बोलून घे तू."

तिने जे मनाने रचलं होतं ते इतकं तंतोतंत होतं, की केबिनमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या माणसालाही तितकं सांगता आलं नसतं. बारा वर्षांत ती त्याला एवढं ओळखून होती आणि तरी त्याच्यावर विश्वास ठेवून होती, हे दोन्ही एकदम कसं राहतं, ते त्याला उमगेना.

तिने नळ बंद केला, पण वळली नाही. "मी खोटं बोलले, अंबर. सरकारी ऑफिसात. रेकॉर्ड करतात ते." एकदा एक आजी दुकानात गोळ्यांची एक स्ट्रिप विसरून गेल्या होत्या, तेव्हा ही बाई पावसात सायकल मारून त्यांच्या घरी देऊन आली होती. ट्रॅममध्ये कार्ड टेकवायचं राहिलं तर परत मागच्या स्टॉपला जाऊन टेकवणारी बाई. तिचे खांदे आता हलत होते आणि ते सर्दीने नव्हते. "तू कधी कुणाकडे काही मागत नाहीस. एकदा मागितलंस, ते माझ्यासाठी. आणि त्याचं असं व्हावं. म्हटलं, एकदा मी बोलते खोटं. पण मला कसंतरीच होतंय रे. उद्या काउंटरला उभी राहीन ना, तर सगळ्यांना दिसेल असं वाटतंय."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. भत्ता येईल, तिकिटं निघतील, ती त्याला अंबर म्हणेल. दोन्ही एकदम मिळण्याची सोय नव्हती, ती तिने करून दिली होती. फक्त तिने न केलेल्या गुन्ह्याचं ओझं ती बाळगत राहणार, दर महिन्याला खात्यात पैसे आले की तिला कसंतरी होणार, आणि तिला हळूहळू त्याची सवय होईल. त्याला झाली तशी. हे मात्र त्याला बघवेना. आमरसाच्या पातेल्यापाशी आता ती बसली होती आणि दारात तो उभा होता.

"तू खोटं नाही बोललीस," तो म्हणाला.

ती वळली. तिचे हात ओले होते, ते तिने अंगापासून लांब धरले होते.

"तू सांगितलंस तसंच झालं. यरूनने बोलावलं, पाच जणांत मीही होतो. मग मी म्हटलं, मलाच हवा होता. त्याचे कान लाल झाले होते." यातलं शेवटचं वाक्य सांगायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं. "तुला सांगणार होतो त्याच दिवशी. तू कोर्सला नाही म्हणत होतीस."

नीरजा त्याच्याकडे बघत राहिली. ती रडेल असं त्याला वाटलं, ओरडेल असंही वाटलं, पण तिचा चेहरा काहीतरी आठवत असल्यासारखा दिसत होता, मागे मागे जात एकेक जागा तपासत असल्यासारखा. ऑक्टोबर. दिवाळीचे फोन. तिची आई, तिची दुकानातली माणसं. मग ती कुठेतरी येऊन थांबली, आणि कुठे ते त्याला तिने विचारायच्या आधीच कळलं.

"उल्काला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. नखांतलं पीठ वाळून पांढरं झालं होतं.

टॉवेल घेऊन तिने हात पुसले, बोट न बोट, आणि टॉवेलची घडी घालून दांडीवर ठेवली. कणकेवरचं फडकं एका बाजूने उघडं पडलं होतं ते सारखं केलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"अंबरीश," ती म्हणाली. "शाळा सुटेल आता. जा, घेऊन ये तिला. बुधवार आहे."